घराचे नवे दार : ब्राउझर कसा निवडावा व कसा लावून घ्यावा

शेतकरी बैल विकत घेतो तेव्हा त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. गृहिणी मडके घेते तेव्हा ते बोटाने वाजवून घेते. परंतु ज्या दारातून आज बँक, बाजार, वर्तमानपत्र, सरकारी कचेरी आणि कधीकधी चोरही आपल्या घरात येतो, ते दार मात्र दुकानदाराने जसे हाती दिले तसेच आपण वर्षानुवर्षे वापरीत असतो. हे दार म्हणजे आपल्या मोबाईलमधील किंवा संगणकातील ब्राउझर होय. त्याविषयी आज चार शब्द लिहिण्याचे कारण आमच्या गावातच घडले.

आमच्या गावी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहतात. साऱ्या गावाचे ते मास्तर. गेल्या पावसाळ्यापूर्वी घराचे छप्पर दुरुस्त करावे म्हणून त्यांनी थोडे पैसे बाजूला ठेविले होते. त्यांच्या मोबाईलवर काही दिवस रोज एक सूचना येत असे : ‘आपले पेन्शन खाते बंद होत आहे, येथे दाबा.’ सूचना वरच्या बाजूस, नेहमीच्या निरोपांच्या रांगेतच दिसे. ती बँकेचीच असणार असे त्यांनी धरले. एके दिवशी त्यांनी ती दाबली. बँकेसारखेच दिसणारे पान उघडले. त्यांनी विचारली ती माहिती भरली, ओटीपीही भरला, आणि अकरा हजार रुपये गेले. मास्तरांनी ही गोष्ट चार दिवस कोणाला सांगितली नाही. आयुष्यभर मुलांना शहाणपण शिकविलेल्या माणसाला आपण फसलो हे सांगणे पैसे जाण्याहून जड वाटले.

पाचव्या दिवशी त्यांच्या नातीच्या ध्यानात सर्व प्रकार आला. तिने मोबाईल हाती घेऊन पाहिले आणि ती म्हणाली, “आजोबा, ही सूचना बँकेने धाडलीच नव्हती. तुम्ही मागे कधीतरी गुडघेदुखीवरचा उपाय वाचायला एक पान उघडलं होतं ना? त्याने विचारलं, सूचना पाठवू का? तुम्ही ‘होय’ म्हणालात. तेव्हापासून तेच पान तुम्हाला हे धाडतंय.” मास्तरांना त्या ‘होय’ची आठवणही नव्हती. आम्ही घरी येऊन आमचा स्वतःचा मोबाईल तपासला, तेव्हा सूचना पाठविण्याची परवानगी असलेली सतरा संकेतस्थळे त्यात निघाली. त्यांपैकी तीन आमच्या ओळखीची होती. सबब आम्ही मास्तरांस हसावे असे काही उरले नाही.

ब्राउझर म्हणजे काय, आणि तो फुकट का मिळतो?

इंटरनेटवरील पाने आपल्यापुढे आणून मांडणारा जो कार्यक्रम, तो ब्राउझर. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांनी १९९० साली लिहिला. ते त्या वेळी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहराजवळच्या सर्न या विज्ञानसंस्थेत होते. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र साऱ्या जगाला विनामूल्य खुले करून दिले. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मोझॅक हा ब्राउझर तयार झाला, १९९४ साली नेटस्केप आला, आणि १९९५ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर काढला. २००४ साली फायरफॉक्स व २००८ साली गुगलचा क्रोम आला. आज जगातील निम्म्याहून अधिक लोक क्रोम वापरतात. एके काळी घरोघरी असलेला इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी कंपनीने निवृत्त केला.

यांपैकी कोणत्याही ब्राउझरसाठी आपण आज पैसे देत नाही. तथापि तो तयार करण्यास व रोज दुरुस्त ठेवण्यास मोठा खर्च येतो. तो कोण भरतो? याचे उत्तर अमेरिकेतील एका खटल्यात उघड झाले. आपल्या शोधयंत्राची मक्तेदारी गुगलने बेकायदेशीर रीतीने टिकविली, असा निर्णय तेथील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. त्या खटल्यात असे बाहेर आले की, इतरांच्या ब्राउझरांत व मोबाईलांत आपलेच शोधयंत्र आधीपासून लावलेले असावे यासाठी या कंपनीने २०२१ या एका वर्षात २६०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मोजली. फायरफॉक्स काढणारी मोझिला ही संस्था धर्मादाय स्वरूपाची असली, तरी तिचेही उत्पन्न बव्हंशी अशाच करारातून येते.

वाचकहो, या आकड्याचा अर्थ क्षणभर लक्षात घ्यावा. शोधयंत्र बदलणे हे दोन मिनिटांचे काम आहे. कोणासही ते करता येते. तरीही एवढी प्रचंड रक्कम मोजली जाते, याचे कारण बहुतेक माणसे आयते मिळालेले कधीच बदलीत नाहीत, हे कंपन्यांस पक्के ठाऊक आहे. आपला आळस ही त्यांची मिळकत आहे. दुकानातून आलेला ब्राउझर त्याच्या मालकाच्या सोयीप्रमाणे लावलेला असतो. तो आपल्या घराच्या सोयीप्रमाणे लावून घेण्यास अर्धा तास लागतो. तेवढा अर्धा तास प्रत्येक घराने काढावा, एवढेच आमचे सांगणे आहे.

निवड कशी करावी?

नावे पुष्कळ असली तरी आतील यंत्रे मोजकी आहेत. क्रोम, मायक्रोसॉफ्टचा एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट हे सर्व क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. फायरफॉक्सचे यंत्र स्वतंत्र आहे. अ‍ॅपलच्या सफारीचे यंत्र तिसरे; आणि आपल्या देशात आयफोनवर कोणताही ब्राउझर घेतला तरी आत सफारीचेच यंत्र चालते. त्यामुळे ‘कोणता ब्राउझर अधिक वेगवान’ या वादात आपण फारसे पडू नये. साध्या घरगुती कामासाठी हे सर्वच पुरेसे वेगवान आहेत. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : यास नियमाने दुरुस्त्या मिळतात काय? ब्राउझरमध्ये नित्य नवी छिद्रे सापडतात व ती बुजविली जातात. ज्याची दुरुस्ती थांबली, तो ब्राउझर म्हणजे वाळवी लागलेली चौकट. शहरातील नातलगाने दिलेला जुना संगणक अनेक घरी आहे. त्यात विंडोज ७ असेल तर २०२३ सालाच्या आरंभापासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत. अशा संगणकावर मुलांनी निबंध लिहावा, चित्रे काढावीत. बँकेचा व्यवहार मात्र त्यावर करू नये.

दुसरा प्रश्न : तो कोठून घेतला? मोबाईलवर प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअर, आणि संगणकावर त्या ब्राउझरचे स्वतःचे संकेतस्थळ, याखेरीज अन्य ठिकाणाहून तो घेऊ नये. एके काळी आपल्याकडे स्वस्त मोबाईलांत यूसी ब्राउझर सर्रास असे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ज्या ५९ अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यांत तोही होता. एखाद्या जुन्या मोबाईलमध्ये तो अद्याप पडून असेल तर काढून टाकावा.

तिसरा प्रश्न : जाहिरातींविषयी त्याचे धोरण काय? हा प्रश्न खेड्यातील घरास फार महत्त्वाचा आहे, कारण फसवणूक जाहिरातीच्या वेषातही येते. ब्रेव्हमध्ये जाहिराती अडविण्याची सोय आयती आहे. फायरफॉक्समध्ये ती पुरवणी जोडून करता येते, आणि डिसेंबर २०२३ पासून मोबाईलवरही नाना प्रकारच्या पुरवण्यांचे भांडार खुले झाले आहे. यूब्लॉक ओरिजिन ही त्यांतील नावाजलेली पुरवणी विनामूल्य आहे. क्रोममध्ये मोबाईलवर अशी पुरवणी बसत नाही. संगणकावरील क्रोममध्येही जुने यूब्लॉक आता चालत नाही, त्याची ‘लाइट’ ही हलकी आवृत्ती मिळते.

आमच्या मते सामान्य कुटुंबाने दोन ब्राउझर ठेवावेत. एक केवळ पैशाच्या व सरकारी कामासाठी, त्यात दुसरे काही उघडावयाचे नाही. आणि दुसरा बातम्या, पाककृती, गाणी, मुलांचा अभ्यास यांसाठी. घरात देवाणघेवाणीचे कागद आपण वेगळ्या पेटीत ठेवितोच की नाही? तीच रीत येथे लावावी. पहिल्या कामास मोबाईलमधील क्रोम किंवा सफारी चालेल. दुसऱ्यास जाहिराती अडविणारा फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह घ्यावा.

लावून घेण्याची कामे

बहुतेक ब्राउझरांत कोपऱ्यात तीन ठिपके किंवा तीन रेघा असतात. त्या दाबल्या की सेटिंग्ज हा शब्द दिसतो. पुढील सर्व कामे तेथूनच करावयाची आहेत. शब्द थोडे मागेपुढे असतील, परंतु घरातील नववी-दहावीच्या मुलास ते सहज सापडतील.

प्रथम सूचना बंद कराव्यात. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग सूचना, असे जावे व सर्व संकेतस्थळांची परवानगी काढून घ्यावी. यापुढे कोणी विचारूच नये अशीही सोय तेथे आहे. मास्तरांच्या मोबाईलवर एवढे एकच काम आधी झाले असते, तर छपराचे पैसे वाचले असते. बातमीदार आपल्या दारी येऊन ओरडला नाही म्हणून बातमी चुकत नाही. आपण हवी तेव्हा जाऊन वाचावी.

दुसरे काम अक्षरांचे. आजीला वाचता येत नाही म्हणून ती मोबाईल नातवाकडे देते, आणि मग तिचे बँकेचे आकडे सर्वांस ठाऊक होतात. सेटिंग्जमध्ये अक्षर मोठे करण्याची सोय असते. ते आजीच्या डोळ्यांस मानवेल इतके मोठे करावे. क्रोम व फायरफॉक्स या दोहोंत ब्राउझरची भाषा मराठी ठेविता येते. संगणकावरील एजमध्ये पानावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविण्याची सोय असून तीत मराठी आवाजही आहेत. ज्यांची दृष्टी मंद झाली आहे त्यांस याचा मोठा आधार होतो.

येथेच भाषांतराचा एक मुद्दा सांगावा लागेल. बेळगाव, खानापूर भागातील आपल्या अनेक कुटुंबांस जमिनीचा उतारा कन्नडमध्ये मिळतो, व तो वाचून घेण्यासाठी दुसऱ्याकडे जावे लागते. क्रोममध्ये कन्नड पान मराठीत करून दाखविण्याची सोय आहे. मजकुराचा आशय समजण्यास ती उपयुक्त आहे. परंतु यंत्राने केलेले भाषांतर नावांत व क्षेत्राच्या आकड्यांत चुकू शकते; त्याच्या भरवशावर कोठेही सही करू नये. शिवाय भाषांतरासाठी त्या पानाचा मजकूर कंपनीकडे जातो, म्हणून बँकेच्या पानावर ती सोय वापरू नये.

तिसरे काम कुकींचे. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेविलेली एक लहानशी चिठ्ठी. १९९४ साली नेटस्केपमध्ये ही युक्ती निघाली. दुकानदाराने ओळखीच्या गिऱ्हाइकाची वही ठेवावी तसा तिचा मूळ हेतू होता, व तो निरुपद्रवी आहे. परंतु ज्या दुकानात आपण गेलोच नाही त्याचा माणूसही आपल्या मागे चिठ्ठ्या टाकीत फिरू लागला, तर त्यास काय म्हणावे? अशा चिठ्ठ्यांस तृतीय पक्षाच्या कुकी म्हणतात. सफारी त्या आपण होऊन अडवितो, फायरफॉक्स त्यांस एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर माग काढू देत नाही. क्रोममध्ये मात्र त्या आपणांस सेटिंग्जमधून बंद कराव्या लागतात; गुगलने त्या काढून टाकण्याचा बेत पूर्वी जाहीर केला होता, तो २०२४ साली सोडून दिला.

चौथे काम शोधयंत्राचे. गुगलच ठेवावे की डकडकगोसारखे दुसरे घ्यावे, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु एक नियम सर्वांनी पाळावा : बँकेचा, गॅस एजन्सीचा किंवा वीज कार्यालयाचा फोन क्रमांक शोधयंत्रात शोधू नये. सर्वांत वर जे येते ते कित्येकदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, आणि तीत ठकाचाच क्रमांक असू शकतो. क्रमांक पासबुकावरून, एटीएम कार्डाच्या मागून किंवा बिलावरून घ्यावा.

पाचवे काम खुणांचे. ज्या पानांची घरास नित्य गरज, म्हणजे बँक, वीजबिल, जमिनीचा उतारा, शाळेचा निकाल, त्यांचे खरे पत्ते एकदा नीट पाहून बुकमार्क करून ठेवावेत, आणि पुढे नेहमी तेथूनच जावे. गोव्यातील घराने एक-चौदाच्या उताऱ्याचे पान, बेळगावकडील घराने आपल्या भूमी खात्याचे पान असेच जपून ठेवावे. ओळखीच्या वाटेने जाणारा सहसा चुकत नाही.

सहावे काम मुलांसंबंधी. संगणक सर्वांचा एक असेल तर क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये प्रत्येकाचे वेगळे प्रोफाइल करून द्यावे, म्हणजे वडिलांचे जतन केलेले पासवर्ड मुलाच्या प्रोफाइलमध्ये दिसत नाहीत. खासगी खिडकी, ज्यास इनकॉग्निटो म्हणतात, तिच्याविषयीचा गैरसमजही दूर करावा. त्या खिडकीत काय पाहिले याची नोंद आपल्या यंत्रावर राहत नाही, एवढेच. ज्या संकेतस्थळावर गेलो त्यास, आणि ज्या कंपनीचे इंटरनेट घेतले तिला, आपण आल्याचे कळू शकतेच. ही गोष्ट वाढत्या वयाच्या मुलांस रागे न भरता समजावून सांगावी.

कुलूप पाहून भुलू नये

पूर्वी सांगत असत की पत्त्याजवळ कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे पान सुरक्षित. हा उपदेश आता पुरेसा नाही. ते चिन्ह एवढेच सांगते की आपण व ते संकेतस्थळ यांमधील वाटेवर कोणी आपले बोलणे ऐकू शकत नाही. पलीकडचा माणूस सज्जन आहे काय, हे ते सांगत नाही. ठकाच्या पानासही असे कुलूप सहज मिळते. या गैरसमजामुळेच २०२३ साली क्रोमने ते चिन्ह काढून तेथे दुसरे चिन्ह ठेविले.

म्हणून चिन्हापेक्षा पत्ता वाचण्यास शिकावे. आरंभीच्या जोडतिरक्या रेघा सोडून द्याव्यात. पुढे पहिली एकटी तिरकी रेघ जेथे येते, तेथून मागे मागे वाचावे. त्या रेघेच्या लगतचे शेवटचे शब्द हेच घरमालकाचे नाव. त्याआधी बँकेचे नाव कितीही ठळकपणे घातलेले असो, ते नुसते तोरण होय. याबाबतीत एक चांगली गोष्ट घडली आहे. रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यांवर नेण्यास सांगितले होते. हा शेवट केवळ बँकांनाच मिळतो. तेव्हा भारतीय बँकेच्या नावाचे पान उघडले आणि पत्त्याचा शेवट तसा नसेल, तर तेथे एक अक्षरही भरू नये. शाखेत जाऊन विचारावे. सरकारी पानांचे शेवट बहुधा ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट निक डॉट इन’ असे असतात, हेही ध्यानी ठेवावे.

आणि इतके करूनही कोणी फसलाच, तर त्याने मास्तरांप्रमाणे चार दिवस गप्प बसू नये. १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक आहे. तेथे तत्काळ फोन केल्यास पैसे पुढे काढले जाण्यापूर्वी मधल्या खात्यात अडविले जाण्याचा संभव असतो. पहिला तास फार मोलाचा असतो. घरच्यांनीही अशा वेळी दोष देऊ नये. ज्या घरात चूक सांगण्याची भीती वाटते, त्या घरात ठकास उसंत मिळते.

मास्तरांचे पैसे परत आले नाहीत. छपराच्या एका बाजूवर त्यांनी यंदा ताडपत्री घातली आहे. परंतु नातीने त्यांच्या मोबाईलची सर्व व्यवस्था लावून दिली, अक्षर मोठे केले, सूचना बंद केल्या, बँकेची खूण पहिल्या पानावर ठेविली. आता रविवारी दुपारी गावातील कोणी ना कोणी वडीलधारे मोबाईल घेऊन मास्तरांच्या पडवीत येऊन बसतात. नात अभ्यासाला गेलेली असली, तर मास्तर चष्मा पुसून स्वतःच मोबाईल हाती घेतात, आणि जुन्या सवयीने म्हणतात, “हं, आधी तीन ठिपके दाब. मग घाई करू नकोस. काय लिहिलंय ते मोठ्याने वाच.”